उघाडीची दोन निवेदने

आश्विन पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी साडेदहाच्या सुमारास, पेण तालुक्याच्या खारेपाटातल्या, म्हणजे खाडीलगतच्या खाऱ्या जमिनीच्या पट्ट्यातल्या, एका गावात उघाडीची झडप मिटली नाही. खाडीचे पाणी आत आले. दुपारपर्यंत ते शेतांत पसरले, आणि रात्रीच्या भरतीने उघाडीलगतचा बांध फोडला. भात दाण्यावर आले होते. ते गेले. पुढचे तीन पावसाळे त्या जमिनीत भात झाले नाही.

रोह्याला कारखाने उभे राहू लागले होते, त्या वर्षांतली ही घटना. मी पुढे ज्या वर्तमानपत्रात नोकरी केली, त्याच्या जुन्या फायली मी उलटून पाहिल्या. त्या आठवड्यात पेणची एकच बातमी आहे, ती बाजाराच्या जागेबद्दल.

उघाडी म्हणजे खाडीच्या बांधात ठेवलेले दार. ओहोटीला शेतातले पावसाचे पाणी त्यातून बाहेर जाते. भरती चढू लागली की खाडीचे पाणीच बाहेरून झडपेला रेटते आणि झडप आपोआप मिटते. मध्ये काही अडकले तर मिटत नाही. ती पाहण्याचे काम गावात एका घराकडे असे. त्याबदल्यात त्या घराला एक मान होता. नारळी पौर्णिमेला गावाचा पहिला नारळ बांधावरून खाडीत सोडायचा, तो उघाडीवाल्याच्या हातून.

बांध फुटला त्या सकाळी उघाडीवाला गावात नव्हता. रोह्याच्या एका कंपनीत त्याला नोकरीसाठी बोलावले होते आणि तो पहिल्या एस.टी.ने गेला होता. संध्याकाळी परतला तेव्हा शेतात गुडघाभर पाणी होते. त्याला कंपनीची हवा लागली, असे गावाने ठरवले. पुढच्या वर्षीचा नारळ दुसऱ्या घराकडे गेला. उघाडीवाला त्याआधीच गाव सोडून गेला होता.

हे सर्व मला चाळीस वर्षांनंतर कळले, आणि ज्यांनी सांगितले त्यांनीच नंतर त्यातले एक वाक्य खोडायला लावले.

वर्तमानपत्राच्या डेस्कवरून निवृत्त झाल्यावर मी पेणला परत आले. इथल्या एका वाचनालयाने लोखंडी कपाट मोकळे करून दिले. सामान्य माणसांची आयुष्ये त्यांच्याच शब्दांत लिहून त्या कपाटात ठेवायची, असे काम ठरले. पद्धत साधी होती. माणूस बोलतो ते फोनवर ध्वनिमुद्रित करायचे. घरी येऊन ते हाताने वहीत उतरवायचे. मग परत त्या माणसाकडे जाऊन सगळे मोठ्याने वाचून दाखवायचे. तो सांगेल ते खोडायचे, सांगेल ते घालायचे आणि शेवटी सही किंवा अंगठा घ्यायचा. माझे स्वतःचे एकही विशेषण त्यात ठेवायचे नाही. ही सवय डेस्कवरची.

वाचून दाखवण्याचा नियम मी चुका टाळण्यासाठी केला होता. पहिल्या वर्षभरातच लक्षात आले की चुका बहुतेक माझ्याच असतात. एका निवृत्त कंडक्टरने सांगितलेल्या पुराच्या दिवसाबद्दल मी लिहिले होते, ‘नागोठण्याच्या स्टँडात गाडी अडकली.’ ते म्हणाले, “स्टँडात नाय. पुलाच्या अलीकडे. पाणी दुसऱ्या पायरीला लागलं होतं, तिसऱ्या नाय.” पापड लाटून तीन मुलांना शिकवणाऱ्या एका बाईंनी मला ‘उन्हात वाळवले’ हे खोडायला लावले. पापड आधी सावलीत, मग उन्हात, आणि किती वेळ ते महिन्यावर. तो सगळा तपशील त्यांनी सांगितला, आणि मी तो लिहीपर्यंत थांबून राहिल्या. मी ज्या बातमीदारांची बातमी तपासत आले, त्यांतल्या थोड्यांनीच इतकी काळजी घेतली होती.

खारेपाटातल्या त्या गावी मी माघात एका काकींकडे गेले. वय पासष्टच्या आसपास, पती वारलेले, मुलगा कंपनीत शिफ्टवर, घरात सून. काकींचे माहेर कोलाडकडचे. तिकडून आलेल्या वालाच्या शेंगा सोलत त्या बोलत होत्या.

“आमच्याकडं गोडी जमीन. भात काढला की वाल पेरायचा. खारं पाणी मी लग्न झाल्यावर बघितलं. पहिल्या दिवशी वाटलं, एवढं पाणी हाय तर बाया विहिरीवर कशाला जातात?”

दोन बैठकांत त्यांनी सगळे आयुष्य सांगितले. बांध फुटल्याबद्दल त्यांची दोनच वाक्ये होती. “उघाडीवाल्यानं बघितलं नाय. रोह्याला गेला नोकरीपायी.” त्यानंतर तीन वर्षे मिठागरावर मजुरी केली, तिथल्या उन्हाबद्दल मात्र त्या बराच वेळ बोलल्या. मी सर्व उतरवून घेतले.

फाल्गुनात वही घेऊन गेले आणि वाचायला सुरुवात केली. ‘उघाडीवाल्यानं बघितलं नाय’ या वाक्याशी आले तेव्हा काकी म्हणाल्या, “ते खोडा.”

सून दारात बसून तांदूळ निवडत होती. तिने वर पाहिले. “का आई? सगळा गाव तेच बोलतो की.”

“गावाला बोलू दे. तू चहा ठेव गो.”

“आत्ताच घेतला ना.”

“बाईंना परत नाय लागत? ठेव.”

सून आत गेली. काकी म्हणाल्या, “टोपली माझी होती.”

फोनवर ध्वनिमुद्रण चालू होते. ते चालू असल्याचे मी त्यांना सांगितले आणि बंद करू का विचारले.

“बंद करा बोलली का मी? लिवा.”

त्यांनी जे सांगितले ते असे. लग्नाला सहा महिने झाले होते. नणंदेला बघायला रोह्याहून पाहुणे येणार होते आणि सासूबाई जिताड्यासाठी हळहळत होत्या. जिताडा हा खाडीतला मोठा, मानाचा मासा. ओहोटीला शेतातले पाणी जोरात बाहेर पडते, तेव्हा उघाडीच्या तोंडात बांबूची टोपली लावली तर तो हमखास सापडतो. तोंडात टोपली लावायला गावात मनाई होती. बाजूला लावा, तोंडात नको. तरी लोक लपून लावत आणि भरतीच्या आधी काढून घेत. काकींनी ते शेजारणींकडून पाहिले होते. त्या दिवशी पहाटे विहिरीचे पाणी भरून झाल्यावर, दिसू लागले तेव्हा, त्यांनी जाऊन टोपली लावली. तिला दोरी म्हणून जुन्या लुगड्याचा तांबडा काठ बांधला. नवाच्या आत काढणार होत्या. पाहुणे दहाला यायचे होते, ते साडेआठला आले.

“सून पाहुण्यांसमोरून उठून बांधावर कशी जाणार? पोहे झाले, चहा झाला, मग जेवण. मी चुलीशी. मनात भरती मोजत होती. जेवणं झाली, हात धुतले, तवर ओरडा झाला.”

“तेव्हा का नाही सांगितले?”

“नणंदेचं ठरलं होतं ना त्याच दिवशी. मोडलं असतं. बोलली, आधी तिचं लग्न होऊ दे. मग सासू होती. मग आमचे हे होते. मग हे गेले. मग वाटलं, आता कोणाला पडलंय?” त्यांनी वहीकडे बोट केले. “तुमी माझंच बोलणं माझ्यासमोर वाचलं. कानाला खोटं लागलं.”

वाचनालयाच्या कपाटात काही पाने बंद पाकिटात ठेवण्याची सोय होती. सांगणाऱ्याच्या मृत्यूनंतर उघडायची. मी ती त्यांना समजावून सांगितली.

“बंदच ठेवायचं तर माझ्या पोटात होतंच की. त्याला कपाट कशाला?”

त्यांना दोन गोष्टी हव्या होत्या. उघाडीवाला जिवंत असेल तर त्याच्यासमोर हे वाचले जावे. आणि नारळ त्याच्या हातात परत जावा, तो असेतोवर. तो कुठे आहे हे त्यांना ठाऊक नव्हते. चाळीस वर्षांत त्यांनी कोणाला विचारले नव्हते. विचारले तर का विचारते असे झाले असते.

चहा आला. सुनेने सगळे ऐकले होते. तिने सासूसमोर कप ठेवला आणि म्हणाली, “आधी आत्याबाईंना फोन करा. त्यांच्या लग्नाची गोष्ट हाय.”

नणंद रोह्याला राहते. फोन सगळ्यांना ऐकू येईल असा लावला. काकींनी पाच-सहा वाक्यांत सांगून टाकले.

“म्हंजे वहिनी, त्या दिवशी जिताडा होणार होता?”

“व्हय.”

“आणि वाढलंस काय? वालाचं बिरडं!”

“मग काय करू? घरात तेच होतं.”

“माझी सासू मरेपर्यंत बोलायची. खारेपाटात सोयरीक केली नि पानात मासा नाय दिसला. चाळीस वर्षं मी टोमणे खाल्ले गो तुझ्यापायी!” मग आवाज उतरला. “लिवू दे त्यांना. माझं लग्न आता काय मोडत नाय. आणि ऐक, तो निडीला असतो. मुलीकडे. रोह्याच्या बाजारात दिसतो मला. मी मान खाली घालून जाते, गावाचा राग म्हणून.”

आठवडाभराने मी पेणहून गाडी पकडून निडीला उतरले. घर स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर होते. उघाडीवाले काका पंचाहत्तरीच्या पुढचे. त्याच कंपनीतून निवृत्त झालेले, गुडघे दुखणारे, पण पाठ ताठ. मुलगी शाळेत शिकवते. रविवार असल्याने ती घरी होती. मी कोण, कशासाठी आले ते सांगितले आणि काकींचे निवेदन ऐकवले. त्यांनी ते भिंतीकडे बघत ऐकले.

“परत लावा.”

मी परत लावले.

“टोपलीचं खरं असंल,” ते म्हणाले. “पण चूक तिची नाय. ती आली तेव्हा मी निघून गेलो होतो. तिला काय म्हाईत मी काय केलं ते?”

त्यांनी बोलायला सुरुवात केली तेव्हा मी त्यांची परवानगी घेऊन ध्वनिमुद्रण सुरू केले. त्यांचे निवेदन असे. मोठ्या उधाणाच्या दिवसांत उघाडीवाल्याने ओहोटीला पालथे झोपून, खांद्यापर्यंत हात घालून, तोंड साफ आहे का ते चाचपायचे असते. डोळ्यांनी पाहून कळत नाही. वडिलांनी त्यांना दहाव्या वर्षी ते शिकवले होते. त्या पहाटे ते कंदील घेऊन बांधावर गेले. अजून अंधार होता.

“दोरी दिसली. काथ्याची. उघाडीच्या खांबाला गाठ मारलेली. कोणाची तरी टोपली आत हाय, हे कळलं मला. हात घालायचा नि काढून फेकायची, हे माझं काम. खांद्यापर्यंत चिखल लागतो.” त्यांनी खांद्याला हात लावून दाखवला. “अंगात नवा शर्ट होता. मुलाखतीला घेतलेला.”

मुलगी म्हणाली, “बाबा, हे तुम्ही कधी बोलला नाहीत.”

“तुला काय बोलू? त्याच नोकरीवर तू शिकलीस.”

त्यांना वाटले, ज्याची आहे तो उजाडल्यावर काढील. फाट्यावर एस.टी. गाठायची होती. संध्याकाळी गावाने जे म्हटले त्याला त्यांनी उत्तर दिले नाही, कारण दोष आपलाच, हे त्यांना मान्य होते. बघितले नाही असे गाव म्हणत होते. त्यांच्या मते, बघूनही हात घातला नाही, हे जास्त वाईट होते.

“शर्ट काढून ठेवायचा, हात घालायचा, धुवायचा, परत घालायचा. किती वेळ लागतो त्याला? तिला सांगा, स्वतःची टोपली एवढी मोठी करू नको.”

मी दोरीबद्दल पुन्हा विचारले. काकींच्या टोपलीला लुगड्याचा तांबडा काठ होता.

“काथ्याची होती. मी काय दोरी ओळखत नाय?”

परतीच्या गाडीत मी वहीत वेळा मांडल्या. काका अंधारात गेले आणि अंधारातच फाट्याकडे निघाले. काकी उजाडू लागल्यावर आल्या. दोघांच्या दोऱ्या वेगळ्या. याचा अर्थ त्या सकाळी उघाडीच्या तोंडात दोन टोपल्या होत्या. काथ्याची दोरी बांधलेली टोपली दुसऱ्या कोणाची तरी होती. काकींना ती का दिसली नाही, ते नंतर त्यांनीच सांगितले: त्या खांबाच्या दुसऱ्या अंगाला वाकल्या होत्या आणि कोणी पाहील या भीतीने घाईत होत्या. कोणती टोपली झडपेत अडकली, की दोन्ही एकमेकींत अडकल्या, हे आता सिद्ध होऊ शकत नाही.

डेस्कवर असते तर मी बातमी थांबवली असती. दोन माणसे, एक घटना, आणि दोघेही दोष स्वतःकडे ओढत आहेत, अशी बातमी माझ्यासमोर तोवर कधी आली नव्हती. दोष दुसऱ्यावर ढकलणारी निवेदने तपासण्याच्या रीती मला माहीत होत्या. या दोघांपैकी एकाचेही वाक्य मला कुठे मोठे केलेले किंवा लहान केलेले आढळले नाही.

काकांचे बोलणे काकींना ऐकवले तेव्हा त्या चिडल्या. “मेला शर्टाचं सांगतो! माझ्यावरचं उचलून आपल्या डोक्यावर घेतो. फोन लावा त्याला.”

मी लावला. चाळीस वर्षांनी ते दोघे एकमेकांशी बोलले ते असे.

“कोण?”

“मी. टोपलीवाली.”

“हां. बोल टोपलीवाले.”

“तुमी खोटं का सांगता?”

“मी दोरी बघितली.”

“ती माझी नव्हती!”

“तेच सांगतो. मग तू कशाला मधी पडतेस?”

“माझी टोपली परत नाय मिळाली. ज्याची मिळत नाय त्याचीच अडकलेली असते.”

“अगो, आख्खा बांध वाहून गेला नि तू टोपली शोधतेस!”

काकींनी तोंडावर पदर धरला. हसू आवरल्यावर म्हणाल्या, “माझं पान आधी लावायचं.”

“माझं आधी. उघाडी माझी होती.”

“चूक माझी होती.”

हा वाद मी मोडला. वहीत पाने ध्वनिमुद्रणाच्या क्रमाने लागतात, त्यामुळे काकींचे आधी आले. काकांनी ते मान्य केले, पण आपल्या पानावर पहिले वाक्य हे घालायला लावले: ‘मागच्या पानावर लिहिले आहे ते मी दोनदा ऐकले आहे आणि ते मला मान्य नाही.’ निडीला जाऊन मी त्यांना त्यांचे निवेदन वाचून दाखवले. त्यांनी सही केली. काकींनी आपल्या पानावर अंगठा दिला.

वहीत येणे पुरेसे नव्हते. नारळ कोणी सोडायचा हे गावकीच्या हातात होते. गावकीची बैठक नारळी पौर्णिमेआधी देवळात भरते. तिथे दोन्ही पाने वाचावीत, असे काकींनी कळवले. मुलगा शिफ्टवरून आला त्या संध्याकाळी घरात वाद झाला.

“आई, कशाला? लोक तोंडावर बोलतील.”

“बोलू दे. पाठीमागचं ऐकू तरी येत नाय.”

“माझ्या पोरीचं उद्या ठरवायचं हाय. लोक म्हणतील, ह्याच घरानं गाव बुडवलं.”

“तेवढ्यासाठीच मी एकदा गप बसली. नणंदेच्या वेळी.”

तो उठून बाहेर गेला. बैठकीच्या दिवशी मात्र तो आईला देवळापर्यंत घेऊन आला आणि तिच्यामागे बसला.

मी दोन्ही निवेदने वाचली. वीस मिनिटे लागली. नारळाचा मान तेव्हापासून ज्यांच्या घराकडे होता, ते गावातले सर्वांत वयस्क गृहस्थ पुढे बसले होते. वाचन संपल्यावर त्यांनी काकींकडे पाहिले.

“म्हंजे तीन पावसाळे आमी मिठागरावर राबलो, ते तुझ्या टोपलीपायी?”

“व्हय.”

“तेव्हा का नाय बोललीस?”

“घाबरली.”

मागून एका बाईंनी विचारले, “आता घाबरत नाय वाटतं?”

“आता पण घाबरते,” काकी म्हणाल्या. “पण तो म्हातारा झाला. मी पण.”

कोणीतरी विचारले, “आणि काथ्याची दोरी? ती कोणाची?”

देवळात त्या वेळी साठीच्या वरची आठ-दहा माणसे होती. वयस्क गृहस्थ म्हणाले, “काथ्याच्या दोऱ्या तेव्हा घरोघर होत्या. माझ्या घरात पण होती. टोपली पण होती. पुढं बोला.”

त्यांनीच पुढचे बोलून टाकले. यंदाचा नारळ उघाडीवाल्याने सोडावा. दोघा-तिघांनी हरकत घेतली. त्यांचे म्हणणे असे की उघाडीवाल्याने स्वतःच चूक कबूल केली आहे, मग मान कशाचा. गृहस्थ म्हणाले, “आपण त्याला काढला तो बघितलं नाय म्हणून. त्यानं बघितलं होतं. आपण चुकीच्या गोष्टीवर काढला. बरोबर गोष्टीवर काढायचा असंल तर आता काढा, तो येईल तेव्हा त्याच्या तोंडावर.” हात वर करून मत घेतले. नारळ काकांकडे गेला. एका घराने त्या दिवसापासून काकींशी बोलणे बंद केले. ते अजून सुरू केलेले नाही.

काकांना निरोप मी दिला. त्यांनी एवढेच विचारले, “ओहोटी किती वाजता?”

नारळी पौर्णिमेला ते मुलीबरोबर सकाळच्या गाडीने पेणला आले आणि तिथून रिक्षाने बांधापर्यंत. साडेसात वाजले होते. बांधावर पन्नासेक माणसे होती. जुन्या लाकडी उघाडीच्या जागी आता सिमेंटचे बांधकाम आहे आणि झडप लोखंडी आहे. शेतातले पाणी तोंडातून जोरात बाहेर पडत होते.

वयस्क गृहस्थांनी सोनेरी कागद लावलेला नारळ पुढे केला.

“थांबा,” काका म्हणाले.

त्यांनी पांढऱ्या इस्त्रीच्या शर्टाची बटणे काढली. शर्ट काढला आणि कोणाकडे द्यावा म्हणून इकडेतिकडे पाहिले. काकी जवळ उभ्या होत्या. त्यांनी हात पुढे केला.

“नीट धर. चुरगळेल.”

“धरलाय. हे तेव्हाच काढायला काय झालं होतं?”

जवळचे लोक हसले. काकाही हसले. मुलगी म्हणत होती, बाबा गुडघे, बाबा नको. दोघा जणांनी त्यांना धरून खाली उतरवले. ते उघाडीच्या काठावर पालथे झोपले. काकींच्या मुलाने त्यांचे पाय धरले. त्यांनी उजवा हात पाण्यात घातला, खांद्यापर्यंत, आणि चेहरा एका बाजूला वळवून चाचपत राहिले. मी घड्याळ पाहिले. चार मिनिटे लागली. आतून एक प्लास्टिकची बाटली निघाली, नायलॉनच्या जाळ्याचा तुकडा आणि एक चप्पल. त्यांनी पुन्हा हात घातला.

“साफ हाय,” ते म्हणाले.

त्यांना उठवून बांधावर बसवले. चिखल खांद्यापर्यंत होता. मुलीने पाणी पुढे केले, ते त्यांनी घेतले नाही. पाणी उलटायची वाट पाहत ते तसेच बसून राहिले, आणि काकी शर्टाची घडी हातावर घेऊन शेजारी उभ्या होत्या. खाडी फिरली तेव्हा त्यांनी त्याच हाताने नारळ घेतला आणि सोडला.

दहा वाजून वीस मिनिटांनी झडप मिटली.